गाणं तोंडपाठ, सिनेमा बेपत्ता

प्रश्न थोडक्यात असा आलाय: “बाबा ७८ वर्षांचे आहेत. दिवसभर ‘फिरत्या चाकावरती’ गुणगुणतात. तो सिनेमा लहानपणी पाहिलाय एवढं आठवतं, नाव आठवत नाही. तो कुठला? आणि असे मागे पडलेले, पण धडपड करून पाहावेत असे जुने मराठी सिनेमे आणखी कुठले? ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘श्यामची आई’ सांगू नका, ते झालेत. मिळवायचे कुठून तेही सांगा, कारण यूट्यूबवर सापडतं ते दहा मिनिटांत बंद करावंसं वाटतं.”

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: ‘प्रपंच’. साल १९६१, दिग्दर्शक मधुकर पाठक, गाणी गदिमांची, चाली आणि त्या गाण्याचा आवाज बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा. त्यातला कुंभार म्हणजे शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून ज्यांचा आवाज मैदानाच्या पार टोकापर्यंत जायचा, तेच. इथे ते गप्प, वाकलेले, मातीत हात घालून बसलेले दिसतात. सुलोचनाबाई त्याच्या बायकोच्या भूमिकेत. घरात पोरांचं लेंढार, डोक्यावर कर्ज. कर्ता माणूस मध्येच जातो आणि सगळा गाडा धाकट्या भावाच्या गळ्यात पडतो. कुटुंबनियोजनाचा संदेश देणारा सिनेमा, अशी ओळख करून दिली की लोक सरकारी माहितीपट समजून पळतात. मी ती ओळख करून देत नाही. गरिबाच्या घरात एका माणसाच्या जाण्यानं बाकीच्यांची लग्नं, शिक्षणं, भूक कशी एकेक करून पुढे ढकलली जाते, ते या सिनेमानं भाषण न देता दाखवलंय. ‘पोटापुरता पसा पाहिजे’ हे गाणंही यातलंच. बाबांना विचारा, तेही तोंडपाठ निघेल.

गाणं पाठ आणि सिनेमाचं नाव आठवत नाही, हे तुमच्या बाबांचं एकट्याचं नाही. गाणं रेडिओवर रोज वाजत राहिलं. सिनेमा मात्र मोजक्या प्रिंटांवर जगत होता. मराठी सिनेमाच्या प्रिंटा थोड्याच निघायच्या. त्या आधी शहरात, मग तालुक्यात, मग जत्रेतल्या तंबूत फिरायच्या. शेवटी फिल्मवर इतके ओरखडे पडायचे की पडद्यावर भर उन्हाळ्यातल्या दृश्यातही पाऊस. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, त्यामुळे खेळ संपलेल्या प्रिंटा चांदी काढणाऱ्यांनी वजनावर नेल्या. त्याहून जुन्या, नायट्रेटवरच्या फिल्म तर पेट घेणाऱ्याच. २००३च्या जानेवारीत पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे मूळच्या प्रभात स्टुडिओच्या जागेतच, अशा फिल्मना आग लागली आणि जे परत कुठून आणता येणार नव्हतं ते गेलं.

मी फिल्म सोसायटीच्या कामात पस्तीस वर्षं काढली. सिनेमावर बोलणं त्यात कमी, डबे उचलणं जास्त. एसटीच्या टपावर डबे चढवायचे, प्रिंट तपासायची, तुटलेली जोडायची, रात्री खेळ लावायचा, सकाळी परत पाठवायची. त्यामुळे माझा सल्ला समीक्षकासारखा नसतो. ‘हा सिनेमा संथ आहे’, ‘काही कळलंच नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठली प्रत पाहिलीत? निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं.

एकदा मी स्वतःच हा गोंधळ घातलाय. तालुक्याच्या गावी ‘शेजारी’ लावला होता. १९४१चा प्रभातचा सिनेमा, व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी केलेला शेवटचा. एक हिंदू, एक मुसलमान, दोघे म्हातारे जिवलग, बुद्धिबळाचा पट मांडून बसणारे. गावात धरण येतं, दोघांत फूट पाडली जाते आणि अखेर ते धरण फुटतं. ज्या वितरकाकडून प्रिंट आणली त्याच्या डब्यांवरचे आकडे चुकीचे होते. मी रिवाइंड टेबलावर रिळं काढून न पाहता ऑपरेटरच्या हातात दिली. आधी धरण फुटलं, पाणी आलं, सगळं संपलं, आणि मग दोघे म्हातारे निवांत बुद्धिबळ खेळायला बसले. मागून एक जण ओरडला, “वाचले वाटतं!” लोक हसले. मी पुढचे पंधरा दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही. पण नंतर चहाच्या टपरीवर दोघं-तिघं भेटले, त्यांना ती रचनाच आवडली होती. फ्लॅशबॅक समजले ते.

यूट्यूबवर आज हेच होतं, फक्त तिथे ओरडायला कुणी नसतं. म्हणून आधी प्रत कशी ओळखायची ते सांगतो, हे इतर कुणी सांगणार नाही.

सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं. आपण सगळे ते पुढे ढकलतो. तिथे थांबा. त्यावर बहुतेक वेळा रिळांची संख्या आणि फिल्मची लांबी लिहिलेली असते, जुन्यात फुटांत, नंतरच्यात मीटरमध्ये. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर. प्रमाणपत्रावर १३,००० फूट असेल तर सिनेमा १४४ मिनिटांचा हवा. समोरची फाइल ११० मिनिटांची असेल तर अर्ध्या तासाहून जास्त गायब आहे, आणि गेलेलं असतं ते बहुधा गाणं नव्हे. गाणी कुणी कापत नाही. कापतात ते दोन माणसं नुसती बसलेली असतात ते. जुन्या सिनेमाचा जीव नेमका तिथे असतो.

पाच-सहा मिनिटं कमी भरली तर मात्र घाबरू नका. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) चालतो, आपल्याकडचा टीव्ही २५ चौकटींवर चालायचा. टीव्हीसाठी किंवा व्हीसीडीसाठी उतरवलेली प्रत त्यामुळे चार टक्के भरभर पळते. १४४चे १३८ होतात. आवाजही चढतो: पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या पाऊण हिश्श्याच्या आसपास. कानाला ‘आज बाबूजींचा आवाज बारीक का वाटतोय’ असं झालं तर कारण हे. आजच्या बऱ्याच प्लेयरमध्ये वेग ०.९६ करायची सोय असते, ती वापरा. फार फरक पडतो.

तिसरी गोष्ट पडद्याचा आकार. त्या काळचा पडदा चौकोनाच्या जवळ जाणारा. आजच्या लांबट टीव्हीवर तो भरून दिसावा म्हणून कुणी तरी चित्र ताणतं, मग सगळी पात्रं बुटकी आणि जाडी. किंवा वरखाली कापतं, मग पगड्या आणि पावलं दोन्ही जातात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे असलेली प्रत दिसली की ती चांगली समजा. पट्टे नको म्हणून टीव्हीच्या रिमोटवरून ते ‘घालवणारे’ घरात असतात. रिमोट लपवा.

आता सिनेमे.

‘कुंकू’चं नाव सगळ्यांनी ऐकलंय, पाहिलाय फार कमी जणांनी. १९३७. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. मामानं फसवून नीराचं लग्न एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावलंय, आणि ती ते लग्न मानायला साफ नकार देते. रडून नाही, हट्टानं. शांता आपटे तेव्हा ज्या तडफेनं ‘नाही’ म्हणते ती तडफ नंतरच्या कितीतरी वर्षांच्या नायिकांमध्ये मला दिसली नाही. पण मी हा सिनेमा माणसांना पुन्हा पाहायला लावतो तो कानांसाठी. यात पार्श्वसंगीत नाही. मुद्दाम नाही. घरातले आवाज आहेत: घड्याळाची टिकटिक, पावलं, दार, भांडी. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात वेळ कसा जातो हे ते भिंतीवरचं घड्याळच सांगतं. आता गंमत ऐका. काही प्रतींमध्ये कुणीतरी उदार मनानं त्या शांततेखाली सतार भरलीय. अशी प्रत निघाली तर तिथेच बंद करा. आणि पडदा ताणलाय का ते पाहायलाही हेच घड्याळ कामाला येतं. तबकडी गोल हवी, रताळ्यासारखी नको.

केशवराव दात्यांचा वकील खलनायक नाही, हे दुसऱ्यांदा पाहताना कळतं. आरशासमोर उभा राहून तरुण दिसायची त्याची केविलवाणी धडपड चालते तेव्हा पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा पोटात कालवतं. त्याची समाजकार्य करणारी मुलगी झालीय शकुंतला परांजपे. त्या प्रत्यक्षातही संततिनियमनाचं काम करायच्या, र. धों. कर्व्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या; सई परांजप्यांच्या आई. त्या पडद्यावर येतात आणि नीराशी बोलतात तेव्हा अभिनय कुठे संपतो कळत नाही.

इथे एक सापळा आहे. प्रभातचे बरेच सिनेमे एकाच वेळी मराठीत आणि हिंदीत निघायचे, सेट तोच, बऱ्याचदा नटही तेच, चित्रीकरण दोनदा. ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. हिंदीची प्रत कधी कधी जास्त स्वच्छ सापडते आणि लोक म्हणतात, एकच तर आहे. एकच नाही. ‘पडोसी’त मजहर खान ठाकूर झाले आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार, म्हणजे मुसलमान नटानं हिंदू आणि हिंदू नटानं मुसलमान रंगवला. मराठीत ठाकुराच्या जागी केशवराव दाते आहेत, जागीरदार आहेत तिथेच. दोन्ही पाहण्यासारखे, पण आधी मराठी. सदाशिव पेठेतला वकील हिंदीत बोलायला लागला की त्याचं निम्मं वजन उतरतं.

‘माणूस’ १९३९चा. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. ‘कशाला उद्याची बात’ हे बहुभाषी गाणं सगळ्यांना ठाऊक, पण मला आवडते ती त्यातली टवाळी. हे दोघे बागेत हिंडत असताना तिथे कुठल्याशा सिनेमाचं शूटिंग चाललेलं असतं, गोडगोड प्रेमाचं, त्या काळच्या बॉम्बे टॉकीज पद्धतीचं. खऱ्या दुःखातले दोघे ते खोटं प्रेम पाहतात आणि त्याची नक्कल करतात. मराठी सिनेमानं १९३९ साली सिनेमाचीच टर उडवलीय, आणि आपण समजतो हे सगळं शहाणपण नंतर आलं.

प्रभातवर मी रात्रभर बोलेन, म्हणून इथेच थांबतो.

पुलंचा ‘गुळाचा गणपती’ (१९५३) तुम्ही नावानं ओळखत असाल. कथा, पटकथा, संगीत, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, सगळं पुलं. हाही गाण्यामुळे उरलेला सिनेमा: भीमसेन जोशींचं ‘इंद्रायणी काठी’ यातलं, हे सांगितल्यावर माझ्यासमोर माणसं उडालीत. त्यांना ते अभंगवाणीतलं वाटत असतं. खरं सांगायचं तर सिनेमा सबंध जमलेला नाही, मधला भाग रेंगाळतो. पण भोळ्या माणसाला सगळं गाव कसं वापरून घेतं, हे पुलंच्या चेहऱ्यावर पाहायला मजा येते, आणि त्यात ज्या जागी विनोद थांबतो तिथे नीट लक्ष द्या. कारण पुढे चार दशकांनी त्याच माणसानं ‘एक होता विदूषक’ लिहिला.

हा १९९२चा. तुम्ही याला जुना म्हणाल की नाही माहीत नाही, मी म्हणतो. दिग्दर्शक जब्बार पटेल, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं, विदूषक लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशाच्या फडात जन्मलेला आबुराव लोकांना हसवत हसवत सिनेमाचा नट होतो, मग राजकारणाच्या दारात जातो, आणि त्याची स्वतःची पोर मात्र हसत नाही. त्या काळी लक्ष्याच्या नावावर थेटरात शिट्ट्या वाजायच्या. लोक हसायला आले आणि हा बाबा त्यांच्यापुढे उघडा होऊन बसला. मध्यंतरात लोक बाहेर येऊन पोस्टर पुन्हा वाचत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सिनेमा चालला नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यात नृत्यदिग्दर्शनाचा लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना, आणि तो पुरस्कार अस्सल फडातल्या बाईकडे गेला याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप. मधू कांबीकरांची आई आणि दिलीप प्रभावळकरांचा गुणा यांच्यासाठी तरी बघा. मी लक्ष्मीकांत बेर्ड्यांना मोठा नट मानतो ते या एका सिनेमाच्या जोरावर. त्या ताकदीची दुसरी भूमिका त्यांना कुणी दिली नाही, ही आपल्या सगळ्यांची कंजुषी.

सत्तरच्या दशकात ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘जैत रे जैत’ एवढे मोठे झाले की त्यांच्या सावलीत चांगली झाडं खुरटली. त्यातलं पहिलं ‘घाशीराम कोतवाल’, १९७६. नाटक सगळ्यांना ठाऊक; सिनेमा आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली, बँकेचं कर्ज घेतलं आणि सिनेमा केला. दिग्दर्शक एक नाही, चार: मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप. कॅमेऱ्यामागेही चार. थिएटर अॅकॅडमीचा नटसंच, मोहन आगाशेंचा नाना फडणवीस, आणि घाशीराम म्हणून पडद्यावर पहिल्यांदा येणारा ओम पुरी. नाटक जसंच्या तसं हवं असलेल्या माणसाला हा सिनेमा चिडवतो. नाटकातली ती ब्राह्मणांची झुलती रांग, तो ठेका, ते सगळं इथे मोडून, लांबच लांब शॉटमध्ये पसरलंय. मला पहिल्यांदा मुळीच आवडला नव्हता. चारजण मिळून स्वयंपाक करतात तेव्हा मीठ कुणी घातलं कळत नाही, असं मी तेव्हा कुणाला तरी म्हणाल्याचंही आठवतं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा आणीबाणीच्या वर्षात हा निघालाय हे डोक्यात ठेवून पाहिला, आणि नानानं घाशीरामला वापरून फेकणं वेगळंच दिसलं. याची प्रत बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेनं सांभाळली होती, त्यावरून नंतर डिजिटल प्रत झाली. पुण्यावरचा सिनेमा, पुण्यात शिकलेल्या पोरांचा, आणि वाचला जर्मनीत.

दुसरं ‘२२ जून १८९७’. १९७९, नचिकेत आणि जयू पटवर्धन. दोघे वास्तुविशारद, म्हणून यातले वाडे, खिडक्या, जिने, कंदिलाचा उजेड सजावटीसारखे वाटत नाहीत. माणसं त्यात राहतात. कलादिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळालं ते उगाच नाही. संवाद विजय तेंडुलकरांचे. प्लेगचं पुणं, घराघरांत शिरणारे सोल्जर, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू, रँड आणि आयर्स्ट. शाळेत हा धडा आपण सगळ्यांनी घोकलाय. पण या सिनेमात पोवाडा नाही. चापेकर कडवे सनातनी होते, सुधारकांचा त्यांना तिटकारा होता, हे तो लपवत नाही आणि त्यांच्या धैर्याला कमीही लेखत नाही. गोळी झाडण्याच्या आधीचं ते वाट पाहणं बघा, अंधारात, बग्ग्या एकामागून एक जाताहेत आणि नेमकी कुठली ते ओळखायचंय. सगळ्यांना शेवट माहीत असूनही सभागृहात कुणी खोकत नाही. सहा-सात वेळा लावलाय, एकदाही कुणी खोकलं नाही.

‘आक्रीत’ (१९८१) हे अमोल पालेकरांचं दिग्दर्शक म्हणून पहिलं काम, लेखन तेंडुलकरांचं. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या हत्याकांडावरून. मध्यंतरी त्याच प्रकरणावर वेब मालिका आली, ती पाहिली असेल तर आता हा पाहा. तिथे तपास आहे, इथे गुन्हा ज्या घरात शिजतो ते घर. मुलांसोबत बघू नका. रामदास फुटाण्यांचा ‘सर्वसाक्षी’ (१९७८) याच वाटेवरचा, अंधश्रद्धा आणि खेड्यात आलेला शिक्षक. स्मिता पाटील आहे, तरी कुणी नाव काढत नाही. सत्यदेव दुबेंचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) सुलभा देशपांड्यांसाठी बघायचा. नाटकातली त्यांची बेणारे आपल्या पिढीनं फक्त ऐकली, ती इथे फिल्मवर राहिलीय, आणि कॅमेरा आहे गोविंद निहलानींचा, त्यांचं सुरुवातीचं काम.

घरात सगळ्यांनी मिळून बघायचे असतील तर वरचे दोन-तीन वगळा आणि ‘स्मृतिचित्रे’ शोधा. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावरून विजया मेहतांनी केलेला, १९८२चा, सुहास जोशी लक्ष्मीबाई. टीव्हीसाठी केलेला म्हणून सिनेमाच्या याद्यांमध्ये येत नाही आणि नाटकवाले तो आपला मानत नाहीत. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून उन्मळून पडलेली बाई स्वतःच्या बुद्धीनं, स्वतःच्या वेळेनं निर्णयाला येते, आणि मध्येमध्ये खळखळून हसते. त्याच्या जोडीला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ (१९९५). लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो, मुलगी ‘पांढऱ्या पायाची’ ठरते, आणि पुढे गरिबी तिला मुंबईला पाठवते. रेणुका दफ्तरदार थोरली, सोनाली कुलकर्णी धाकटी. शेवटाला दोघी बहिणी काय करतात ते सांगत नाही.

हलकंफुलकं हवं तर ‘मुंबईचा जावई’ (१९७०, राजा ठाकूर) आणि थरारक हवं तर ‘पाठलाग’ (१९६४, राजा परांजपे). दोन्हींवरून हिंदीत सिनेमे झाले, ‘पिया का घर’ आणि ‘मेरा साया’. हिंदी आधी पाहिले असतील तर मजा दुप्पट: चाळीतल्या खोलीत नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही हे मराठीत विनोदासारखं कमी आणि शेजाऱ्याच्या तक्रारीसारखं जास्त वाटतं.

मिळवायचे कुठून? यूट्यूबवर पहिला निकाल उघडू नका. एकाच सिनेमाच्या तीन-चार प्रती असतात, सगळ्यांत लांब आणि काळ्या पट्ट्यांची निवडा. ‘माणूस’सारखं नाव इंग्रजी अक्षरांत लोक तीन तऱ्हांनी लिहितात, सगळ्या तऱ्हा टाकून बघा, देवनागरीत शोधलंत तर वेगळंच काही वर येतं. नावानं नाही मिळालं तर गाण्याच्या पहिल्या ओळीनं शोधा. गाणं टाकणाऱ्यानं बहुधा सबंध सिनेमातूनच ते कापलेलं असतं, त्याला खाली विचारा. माझ्याकडच्या दोन दुर्मीळ प्रती अशाच आल्या. जुन्या व्हीसीडी आणि डीव्हीडी रद्दीवाल्याकडे, लायब्ररी बंद करणाऱ्याकडे अजून मिळतात. डिस्क उजेडाकडे धरून बघा, कडेला तपकिरी डाग असेल तर पैसे देऊ नका.

पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ साली सुरू झालं, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून डबे गोळा करत उभं केलं. तिथे अभ्यासाच्या कारणानं रीतसर अर्ज करता येतो आणि जाहीर खेळही होतात. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून चालू आहे. तुमच्या गावात फिल्म क्लब असेल तर त्यांना यादी नेऊन द्या. आम्हाला कुणी सिनेमा सुचवला की आम्ही हवेत असतो, कारण एरवी लोक फक्त पंखे बंद आहेत एवढंच सांगायला येतात.

आणि घरात, नात्यात, कुणाच्या माळ्यावर सोळा मिलिमीटरचे डबे निघाले तर उघडल्यावर वास घ्या. व्हिनेगरचा भपकारा आला तर फिल्म सडायला लागलीय. ती इतर डब्यांपासून लगेच वेगळी ठेवा, हवा खेळती राहू द्या, प्रोजेक्टरवर चढवू नका. आणि कपाटात डांबरगोळ्या ठेवायचा मोह आवरा, मी पाहिलंय ते करताना.

‘प्रपंच’ सापडला की बाबांना दाखवताना एक करा. त्यांना गाण्यापाशी नेऊन सोडू नका, सुरुवातीपासून लावा, प्रमाणपत्रासकट. त्यांनी तो थेटरात पाहिला असेल तर तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, तिकिटाचे पैसे कुणी दिले होते, हे त्यांना चाक फिरायला लागायच्या आधीच आठवेल. तेव्हा सिनेमा थांबवून ऐकून घ्या. आणि थेटराचं नाव सांगितलं तर मला कळवा, माझ्या वहीत ते नसेल तर लिहून घेतो.